विंडो कुठे बसणार, हे कोण ठरवणार?

लिनक्सवर डेस्कटॉप निवडताना बरेच जण स्क्रीनशॉट बघून निवडतात. काळी पार्श्वभूमी, विंडोंच्या मधे नेमकी मोकळी जागा, वर एक बारीक पट्टी आणि तिच्यात प्रोसेसरचे आकडे. मन भुलतं, दोन रात्री जागून तसाच डेस्कटॉप उभा केला जातो आणि महिन्याभरात जुन्या जागी परत यायची वेळ येते. यात त्या प्रोग्रॅमचा दोष नसतो, निवडच चुकीच्या प्रश्नावरून झालेली असते. रंग, फॉन्ट, चित्रं कुठेही बदलता येतात. खरा फरक वेगळ्याच गोष्टीत असतो: नवी विंडो उघडली की ती कुठे बसेल, केवढी असेल आणि कोणाच्या वर येईल, हे कोण ठरवतं? तुम्ही, यंत्र, की तो डेस्कटॉप घडवणारे लोक? दिवसातले आठ तास स्क्रीनसमोर जाणाऱ्या माणसाने हा प्रश्न मनावर घ्यावा, असं मला कळकळीने वाटतं. विंडो सरकवणं, शोधणं, पुन्हा वर आणणं यात जाणारा वेळ कुठे मोजला जात नाही, पण त्यातून येणारा थकवा खरा असतो.

आधी दोन शब्दांतला फरक बघू. विंडो मॅनेजर म्हणजे विंडोंची चौकट काढणारा, त्यांना जागा देणारा, कीबोर्ड कुठल्या विंडोकडे आहे हे सांभाळणारा प्रोग्रॅम. डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणजे त्याच्यासोबत पॅनेल, सेटिंग्ज, फाइल मॅनेजर, वाय-फायचं चिन्ह, आवाजाची बटणं, स्क्रीन लॉक असा सगळा संसार. ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई, सिनॅमन हे दुसऱ्या प्रकारातले. आय३, डीडब्ल्यूएम, स्वे हे पहिल्या. ही फारकत आली ती एक्स विंडो सिस्टिममुळे. एमआयटीमध्ये १९८४ साली सुरू झालेल्या आणि १९८७ मध्ये अकराव्या आवृत्तीपर्यंत पोचलेल्या या प्रणालीने एक गोष्ट जाणूनबुजून केली: विंडो दाखवण्याची यंत्रणा तिने दिली, पण विंडो कशा दिसाव्यात आणि कुठे बसाव्यात याचे नियम दिले नाहीत. ते काम वेगळ्या प्रोग्रॅमवर सोपवलं. म्हणून टीडब्ल्यूएम आला, त्यावरून एफव्हीडब्ल्यूएम आला, नेक्स्टस्टेपचं रूप घेऊन विंडो मेकर आला, आणि आज लॉगिन करताना चार-पाच पर्यायांतून एक निवडायची सोय आपल्याला आहे. विंडोज किंवा मॅकवर ही मोकळीक कधीच नव्हती.

विंडो एकमेकींवर चढू द्यायच्या की फरश्यांसारख्या शेजारी-शेजारी बसवायच्या, हा वाद आजकालचा वाटतो, पण तो या क्षेत्राइतकाच जुना आहे. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकात स्मॉलटॉकमध्ये एकमेकींवर चढणाऱ्या विंडो तयार झाल्या होत्या. तरीही त्याच कंपनीने १९८१ साली बाजारात आणलेल्या स्टार या संगणकात मुख्य विंडो शेजारी-शेजारीच बसत. मॅकिंटॉशने १९८४ मध्ये चढत्या विंडो घराघरात नेल्या. नोव्हेंबर १९८५ मधलं विंडोज १.० मात्र फरशीवालंच होतं, आणि दोन वर्षांनी दुसऱ्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टनेही चढत्या विंडो स्वीकारल्या. तिथून पुढे बहुतेकांना वाटू लागलं की वाद मिटला.

तो मिटला नव्हता. पार्कमधल्याच सारा ब्लाय आणि जॅरेट रोझेनबर्ग यांनी १९८६ साली दोन्ही पद्धतींची तुलना करून बघितली. ज्या कामात विंडोंची हलवाहलव फारशी लागत नाही, तिथे फरशीची पद्धत जलद ठरली. जिथे सारखी हलवाहलव लागते, तिथे चढत्या विंडो जलद ठरल्या, पण त्या हाताळण्यात सरावलेल्या माणसांच्याच बाबतीत. इतक्या वर्षांनंतरही निवड करताना मला याहून उपयोगी कसोटी सापडलेली नाही. कारण ती प्रोग्रॅमबद्दल बोलत नाही, तुमच्या कामाबद्दल बोलते.

तेव्हा पहिला सल्ला असा: काहीही इन्स्टॉल करण्याआधी आठवडाभर स्वतःच्या कामाकडे लक्ष द्या. एका वेळी खरोखर किती विंडो डोळ्यांसमोर लागतात? भाषांतर करणाऱ्याला दोन लागतात, मूळ आणि भाषांतर, आणि त्या दिवसभर जागच्या हलत नाहीत. प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला एडिटर, टर्मिनल आणि ब्राउझर. हिशेब बघणाऱ्याला स्प्रेडशीट, पीडीएफ आणि कॅल्क्युलेटर, त्यातला कॅल्क्युलेटर सारखा वर येणारा आणि जाणारा. चित्रकाम किंवा व्हिडिओ संपादन करणाऱ्याला एकच मोठी विंडो आणि तिच्यातल्या असंख्य पट्ट्या. पहिल्या दोघांना टायलिंग, म्हणजे फरशीची पद्धत, मनापासून मानवतं. हिशेबवाल्याला चढत्या विंडोच बऱ्या. चित्रकाराला विंडो मॅनेजरचा फारसा फरकच पडत नाही, त्याने आपला वेळ यात घालवू नये.

आता चढत्या विंडोंच्या घराण्याकडे वळू, कारण बहुतेक वाचकांचं भलं तिथेच आहे. या घराण्यात दोन स्वभाव आहेत. मातियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने ऑक्टोबर १९९६ मध्ये केडीईची घोषणा केली, तेव्हा त्याची तक्रार अशी होती की लिनक्सवरचा प्रत्येक प्रोग्रॅम वेगळा दिसतो आणि वेगळा वागतो, सामान्य माणसाने त्याच्याशी जुळवायचं कसं? पुढच्याच वर्षी मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केला. त्यामागचं तातडीचं कारण केडीई ज्या क्यूटी लायब्ररीवर उभा होता तिच्या परवान्याचं होतं, दिसण्या-वागण्याचं नव्हतं. स्वभावातला फरक नंतर रुजला. ग्नोमच्या हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००२ च्या सुमारास ठामपणे मांडलं की प्रत्येक सेटिंगची किंमत असते: ती तपासावी लागते, तिच्यामुळे नव्या चुका शिरतात, आणि वापरणारा पर्यायांच्या जंगलात हरवतो. म्हणून आधी योग्य वागणूक ठरवा, मगच पर्याय द्या. केडीईची वृत्ती उलटी: माणसं वेगवेगळी असतात, तेव्हा पर्याय द्या आणि सुरुवातीची मांडणी चांगली ठेवा.

मला दोन्ही बाजू आदराच्या वाटतात, पण सल्ला देताना मी स्पष्ट बाजू घेतो. ज्यांना विंडोजची सवय आहे आणि जे स्वतःच्या सवयी सोडायला तयार नाहीत, त्यांनी सरळ प्लाझ्मा घ्यावा. खाली पॅनेल, डाव्या कोपऱ्यात मेनू, घड्याळ उजवीकडे, शिकायचं काही नाही. शिवाय त्यात एक सोय आहे जिच्याबद्दल फार कमी लोकांना माहिती असते: विंडोच्या शीर्षक-पट्टीवर राइट क्लिक करून त्या प्रोग्रॅमसाठी कायमचा नियम लिहिता येतो. कॅल्क्युलेटर नेहमी सगळ्यांच्या वर आणि उजव्या कोपऱ्यात, मेल नेहमी दुसऱ्या व्हर्च्युअल डेस्कटॉपवर, असं एकदा सांगितलं की झालं. २०२३ मधल्या ५.२७ आवृत्तीपासून सुपर (म्हणजे विंडोज-की) आणि टी दाबून स्क्रीनचे हवे तसे भागही पाडता येतात. मग शिफ्ट दाबून विंडो ओढली की ती त्या भागात चपखल बसते. हिशेबवाल्याचं काम इथे उत्तम चालतं.

ग्नोमचं तसं नाही. एप्रिल २०११ मध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हा त्यांनी टास्कबार काढला आणि मिनिमाइजचं बटणही काढलं. लोक खवळले. जुना ग्नोम जिवंत ठेवायला माटे निघाला, लिनक्स मिंटने सिनॅमन घडवला, आणि खुद्द लिनस टोरवाल्ड्स काही काळ एक्सएफसीईवर गेले, नंतर परतले. त्या रागात एक गोष्ट झाकली गेली: ग्नोमला विंडो लपवण्याची गरजच नाहीशी करायची होती. एका कामाला एक वर्कस्पेस, म्हणजे विंडोंचा स्वतंत्र पडदा, काम वाढलं की पुढचा वर्कस्पेस आपोआप तयार, सुपर बटण दाबलं की सगळं एका नजरेत. जो माणूस ही रीत मान्य करतो त्याला ग्नोमसारखा शांत डेस्कटॉप दुसरा नाही. जो टास्कबार परत आणायला आठ एक्स्टेन्शन चढवतो, त्याच्या नशिबी दर सहा महिन्यांनी मोडतोड आहे, कारण ग्नोमच्या नव्या आवृत्तीसोबत एक्स्टेन्शन अडखळतात. २०२३ मध्ये ४५ वी आवृत्ती आली तेव्हा तर जवळपास सगळीच नव्याने जुळवून घ्यावी लागली. म्हणून ग्नोम घ्यायचा तर त्याच्या रीतीने घ्या, नाहीतर घेऊ नका. उबंटूवाल्यांनी ध्यानात ठेवावं की त्यांना मिळणारा ग्नोम मूळचा नाही, डावीकडचा डॉक आणि मिनिमाइजचं बटण उबंटूने घातलेलं आहे. मूळ स्वभाव बघायचा असेल तर फेडोरा पेनड्राइव्हवरून चालवून बघा.

आईवडिलांसाठी किंवा जुन्या लॅपटॉपसाठी विचारलं तर माझं उत्तर सिनॅमन किंवा एक्सएफसीई. दोन्ही फारसे बदलत नाहीत, आणि ज्याला संगणक फक्त वापरायचा आहे त्याच्यासाठी न बदलणं हाच मोठा गुण. जुन्या यंत्राबद्दल एक भाबडी समजूत मात्र सोडा. हलका विंडो मॅनेजर घेतला की काही शे एमबी मेमरी वाचते हे खरं, पण ब्राउझरचे वीस टॅब उघडले की ती वाचलेली मेमरी तिथेच जाते. चार जीबीच्या यंत्रावर आधी टॅब कमी करा आणि जमलं तर एसएसडी बसवा.

दृष्टिहीन व्यक्तीसाठी संगणक तयार करायचा असेल तर हलकेपणा, सौंदर्य हे सगळं बाजूला ठेवा. ओर्का हा स्क्रीन रीडर ग्नोम आणि माटेवर जसा नांदतो तसा नुसत्या विंडो मॅनेजरवर नांदत नाही. इथे प्रयोग करू नयेत.

टायलिंगकडे येऊ. इथेही दोन जाती आहेत. डीडब्ल्यूएम किंवा एक्समोनॅडमध्ये मांडणी आपोआप होते: एक मुख्य विंडो डावीकडे मोठी, बाकीच्या उजवीकडे एकाखाली एक. मायकेल श्टापेलबर्ग यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या आय३ मध्ये विभागणी तुम्ही सांगता: पुढची विंडो शेजारी की खाली, हे एक बटण दाबून ठरतं. नव्याने येणाऱ्याने आय३ किंवा त्याच धर्तीचा, वेलँडवर (एक्सच्या वारसदारावर, त्याबद्दल पुढे) चालणारा स्वे घ्यावा. त्याची सेटिंग्ज साध्या मजकुराच्या फाइलीत असतात आणि त्याची माहितीपुस्तिका इतकी नीट लिहिलेली आहे की ती वाचायला एक दुपार काढणं सार्थकी लागतं. डीडब्ल्यूएममध्ये बदल करायचा म्हणजे सी भाषेतली फाइल बदलून पुन्हा कंपाइल करायचं. ते त्याच्या कर्त्यांनी मुद्दाम ठेवलेलं आहे, पूर्ण प्रोग्रॅम दोन हजार ओळींच्या आत राहावा हा त्यांचा आग्रह आहे. त्या काटकसरीचं मला कौतुक आहे, पण ज्याला तो कोड वाचण्यात रस नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये.

आय३ सुरू केल्यावर तो पहिल्यांदा विचारतो: मुख्य बटण विंडोज-की ठेवायचं की ऑल्ट? विंडोज-की निवडा, ऑल्ट इतर प्रोग्रॅमांना लागतो. मग त्या बटणासोबत एंटर दाबलं की टर्मिनल, डी दाबलं की प्रोग्रॅम सुरू करायची पट्टी, शिफ्ट आणि क्यू दाबलं की विंडो बंद. पहिल्या दिवशी एवढंच पुरे. दुसऱ्या दिवसापासून आकडे वापरायला लागा, कारण टायलिंगची खरी ताकद फरश्यांपेक्षा आकड्यांच्या वर्कस्पेसमध्ये आहे. ब्राउझर नेहमी १ वर, लिखाण २ वर, मेल ३ वर, असं पक्कं ठरवा आणि कधीच बदलू नका. ताट वाढताना भाजी उजवीकडे आणि चटणी-कोशिंबीर डावीकडे असते, म्हणून जेवताना हात न बघता जातो. तसंच आठवड्याभरात बोटं न विचारता जायला लागतात, आणि ऑल्ट-टॅब दाबून विंडोंच्या रांगेत शोधाशोध करायचं संपतं.

चौदा इंची लॅपटॉपवर मात्र एक सावधगिरी बाळगा. तीन विंडो शेजारी-शेजारी बसवल्या की प्रत्येक इतकी अरुंद होते की वेबसाइट मोबाइलसारखी दिसायला लागते. अशा स्क्रीनवर एका वर्कस्पेसवर दोनच विंडो ठेवा, तिसरी लागली तर मुख्य बटणासोबत डब्ल्यू दाबून टॅबची मांडणी करा, म्हणजे प्रत्येकीला पूर्ण रुंदी मिळते. सत्तावीस इंची मॉनिटरवर उलट आहे, तिथे एकच विंडो पूर्ण पसरवली तर ओळी इतक्या लांब होतात की वाचताना मान फिरवावी लागते. तिथे टायलिंग मनापासून उपयोगी पडतं.

आता खर्चाची बाजू, आणि हीच बहुतेक लेखांत राहून जाते. नुसता विंडो मॅनेजर घेतलात की डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट न सांगता जे करत होतं ते सगळं तुमच्या अंगावर येतं. कधी आवाजाची बटणं चालत नाहीत, कधी ब्राइटनेस बदलत नाही, बॅटरी संपत आल्याची सूचना येत नाही, लॅपटॉप मिटला तरी स्क्रीन लॉक होत नाही, प्रोजेक्टर जोडला की काही दिसत नाही, पासवर्ड मागणारी चौकटच उघडत नाही म्हणून सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत नाही. प्रत्येकाला उपाय आहे, प्रत्येकासाठी वेगळा छोटा प्रोग्रॅम आहे, आणि प्रत्येक तुम्हीच शोधून जोडायचा. ज्यांना या जोडणीत आनंद आहे त्यांनी जरूर करावी, त्यातून लिनक्स आतून कळतो. पण परीक्षेच्या, प्रबंधाच्या किंवा मार्चअखेरीच्या तोंडावर हे काम काढू नका.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी या यादीत आणखी दोन गोष्टी येतात, त्या इंग्रजी मार्गदर्शकांत सहसा नसतात. पहिली टायपिंगची. ग्नोममध्ये आयबस हा टायपिंगचा मध्यस्थ प्रोग्रॅम आधीपासून जोडलेला असतो, सेटिंग्जमध्ये मराठी निवडायचं आणि सुपर-स्पेसने भाषा बदलायची. आय३ मध्ये आयबस स्वतः सुरू करावा लागतो आणि प्रोग्रॅमांना त्याची ओळख करून देणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लॉगिनच्या वेळी भरावे लागतात, नाहीतर एका प्रोग्रॅममध्ये मराठी उमटतं आणि दुसऱ्यात उमटत नाही. इनस्क्रिप्ट वापरणारे इथे सुदैवी. त्यांची मांडणी थेट कीबोर्ड लेआउटमध्ये असते, मध्यस्थ लागत नाही. इंग्रजी अक्षरांवरून मराठी टाइप करण्याची सवय असेल तर आयबस किंवा एफसीआयटीएक्स टाळता येणार नाही.

दुसरी गोष्ट अक्षरांच्या दिसण्याची. डीडब्ल्यूएमची पट्टी आणि तिच्याच घरातला डीमेन्यू अक्षरं एकामागून एक नुसती मांडतात, देवनागरीची जुळणी करत नाहीत. परिणामी जोडाक्षरं तुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. ज्याच्या फाइलींची नावं मराठीत आहेत त्याला हे दिवसातून पन्नासदा खुपणार. आय३ ची पट्टी पँगो ही अक्षरजुळणीची लायब्ररी वापरते, तिथे देवनागरी नीट दिसते, मात्र डी दाबल्यावर उघडणारा प्रोग्रॅम सहसा डीमेन्यूच असतो. त्याच्या जागी रोफी बसवा. आणि आय३ चा मूळचा आठ आकाराचा फॉन्ट रेफ-मात्रांना फार बारीक पडतो, तो अकरा-बारा करा.

वेलँडबद्दल थोडक्यात. क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेला हा एक्सचा वारसदार आता मुख्य रस्ता झाला आहे. उबंटूने २५.१० पासून ग्नोमसाठी एक्सचं लॉगिन दिलेलं नाही. वेलँडमुळे एक जुना फायदा गेला: विंडो मॅनेजर हा स्वतंत्र, बदलता येणारा तुकडा राहिला नाही, स्क्रीन सांभाळणारा आणि विंडो सांभाळणारा प्रोग्रॅम एकच झाला. बदल्यात सुरक्षा मिळाली. एक्सवर कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्या विंडोत टाइप होणारा पासवर्ड वाचू शकत असे, वेलँडवर तसं होत नाही. याच कारणाने ऑनलाइन वर्ग किंवा मीटिंगमध्ये स्क्रीन दाखवण्यासाठी पोर्टल नावाची वेगळी सोय लागते. ग्नोम आणि प्लाझ्मात ती तयार असते, स्वेवर स्वतः बसवावी लागते. शिक्षकांनी ती वर्गाच्या आदल्या दिवशी तपासून घ्यावी.

बदल करताना जुना डेस्कटॉप काढू नका. नवा शेजारी इन्स्टॉल करा. लॉगिनच्या स्क्रीनवर आपलं नाव निवडल्यावर कोपऱ्यात सहसा दातेरी चक्राचं चिन्ह दिसतं, तिथून कुठल्या डेस्कटॉपमध्ये शिरायचं ते निवडता येतं. ग्नोम आणि प्लाझ्मा मात्र एकाच खात्यात नांदवू नका, थीम आणि सेटिंग्ज एकमेकांत मिसळतात. चाचणीसाठी संगणकावर दुसरं खातं उघडा. पहिले काही दिवस हात चुकत राहतील आणि वेग कमी होईल, त्यावरून निर्णय घेऊ नका. तीन आठवडे द्या. तेवढ्यात बोटं वळली नाहीत तर खुशाल परत जा.

ऑफिसच्या लॅपटॉपवर काहीच इन्स्टॉल करायची मुभा नसेल, तरी यातलं बरंच हाती लागतं. विंडोज ११ मध्ये विंडोज-की आणि झेड दाबलं की मांडणीचे तयार नमुने येतात, बाणाच्या बटणांनी विंडो अर्ध्या स्क्रीनवर बसते, आणि विंडोज-की, कंट्रोल, डी एकत्र दाबलं की नवा डेस्कटॉप उघडतो. परवानगी मिळाली तर मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज संचातलं फॅन्सीझोन्स मागून घ्या, त्यात स्क्रीनचे भाग आपल्या कामाप्रमाणे आखता येतात. मॅकवर २०२४ च्या सिकोया आवृत्तीपासून विंडो कडेला ओढून बसवण्याची सोय आली आहे, आणि आय३ ची सवय लागलेल्यांसाठी एरोस्पेस हा मोफत प्रोग्रॅम आहे.